भुसा बघणारा

झाड तोडायला माणसं बोलवायची म्हटलं की लोक दोन गोष्टी विचारतात. किती दिवस लागतील, आणि कचरा कोण उचलणार. वर चढणाऱ्याचा जीव कोणाच्या हातात असतो, हे आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही. न विचारता सांगतो. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतो, आणि हातापेक्षा जास्त त्याच्या तोंडात असतो. आमच्यात तो खालचा माणूस मी.

धंदा वडिलांपासूनचा. फांद्या छाटायच्या, वाळलेली झाडं उतरवायची, वादळात घरावर आडवी झालेली काढायची. वडील सांगायचे, वरच्याने आपले हात बघायचे आणि खालच्याने भुसा बघायचा. करवत सुरू झाली की चढलेल्या माणसाला वीतभर लाकडापलीकडचं काही दिसत नाही. डोळ्यांवर चष्मा, कानांवर झाकणं, नाकातोंडात धूर. लाकूड आतून कसं आहे ते खाली पडणाऱ्या भुशावरून कळतं. भुसा फिकट आणि लांब तुकड्यांचा आला तर लाकूड ठणठणीत. काळपट आणि ओला आला, तर आत कुजलंय किंवा पोकळ आहे. तसं दिसलं की खालच्याने दोर तीनदा ओढायचा. वरचा करवत बंद करतो, कान मोकळा करतो आणि खाली बघतो. मग दोन शब्द ओरडायचे, "भुसा काळा." त्यावर वरच्याने वाद घालायचा नाही, करवत कमरेला अडकवून गुपचूप उतरायचं. पुढे काय करायचं ते जमिनीवर ठरतं. वडिलांनी घालून दिलेला हा एकच नियम, आणि तो मी मोडला.

रागाने मोडला. राग सहा वर्षांचा शिळा होता, पण मी त्याला रोज ताजा करून घ्यायचो.

वर चढायचा तो माझा दादा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तरुणपणी मीही चढत होतो. एकदा पाय घसरला, फार उंचावरून नाही, पण गुडघा कामातून गेला. तेव्हापासून तो वर आणि मी खाली अशी वाटणी झाली. त्यात कमीपणा काही नव्हता. कमीपणा आणला दादाने.

माझं लग्नाचं जुळत आलं होतं. मुलगी शिवणकाम करायची. बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. मला ती पसंत होती, आणि तिलाही मी नकोसा नसावा. तिचे दोन भाऊ आमच्याकडे जेवायला आले. बोलता बोलता थोरल्याने विचारलं, "तुमच्या धंद्यात ह्यांच्याकडे काय असतं?" दादा घास चावत म्हणाला, "मी वर चढतो. हा खाली उभा राहून वर बघतो."

सगळे हसले. वहिनी, म्हणजे दादाची बायको, तीही तोंडावर हात धरून हसली. दादाचा तो ठरलेला विनोद होता, गिऱ्हाइकांपुढेही करायचा, आणि मीही इतके दिवस हसत आलो होतो. आठ दिवसांनी निरोप आला की मुलीचा विचार बदललाय. कशामुळे बदलला ते त्यांनी कळवलं नाही, ते मी ठरवलं. अंगणात जाऊन दादासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "यापुढे तुझ्याशी एक शब्द बोललो तर बापाचं नाव लावणार नाही."

दादा करवतीच्या साखळीला तेल घालत होता. मान वर न करता म्हणाला, "नको बोलूस. तेवढेच कान थंड राहतील."

लोकांना वाटलं, चार दिवसांत निवळेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमचा तर सुंभही जळला नव्हता, रोज वापरात होता. घर एक, गाडी एक, दोर एक. वेगळं व्हावं म्हटलं तर समोरासमोर बसून बोलायला लागलं असतं, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

मग सगळा कारभार वहिनीमार्फत सुरू झाला. जेवायला तिघंच असायचो. मी म्हणायचो, "वहिनी, तुमच्या यजमानांना सांगा, साखळीची धार गेलीय." यजमान हातभर अंतरावर भात कालवत असायचे. ते म्हणायचे, "सांग त्याला, घासून ठेव म्हणावं." वहिनी वैतागायची. "भाऊजी, ऐकलं ना त्यांनी? आणि तुम्हीही ऐकलं ना? मग मी मध्ये कशाला?" पण तिला परत बोलावंच लागायचं. ती बोलली नाही तर आम्ही दोघंही ऐकलं नाही असंच धरायचो. एकदा ती रुसून दिवसभर गप्प बसली, तर आम्ही गाडीत पेट्रोल न भरता निघालो आणि अर्ध्या वाटेत गाडी ढकलत बसलो. एकाच गाडीला, एकाच बाजूने, न बोलता.

कामावर वहिनी नसायची. तिथे निरोप्याचं काम गिऱ्हाइकाकडे. "साहेब, वर सांगा, उजवीकडची आधी घे." "काकू, खाली विचारा, दोर मोकळा आहे का." एका कारखान्याच्या रखवालदाराला तर वाटलं, आम्हाला एकमेकांची भाषाच येत नाही. आमच्यातला परदेशातून आलेला कोण, असं त्याने मला हळूच विचारलं. मी वर बोट दाखवलं.

हसण्यासारखंच होतं सगळं. त्या सहा वर्षांत भुसा दोनदा काळा आला. दोन्ही वेळा गिऱ्हाईक शेजारी उभं होतं, त्यानेच हाक मारली, दादा उतरला. त्यामुळे आम्हाला वाटायला लागलं की असंही चालतं.

मग बाईंचा फोन आला. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं शाळेत घालवलेली, सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी. घराला लागून निलगिरीचं झाड, तीन मजली उंच. मुळांनी कुंपणाची भिंत फोडली होती, आणि गेल्या वादळात एक फांदी छपरावर पडून झोपायच्या खोलीत पाणी उतरलं होतं. त्यांची मुलगी दूर कुठे नोकरीला. ती फोनवरून मागे लागली होती की आता झाड तरी काढ, नाहीतर माझ्याकडे तरी ये.

मी बघायला गेलो तेव्हा बाईंनी मला आत बसवलं. मधोमध टेबल, त्यावर औषधांचा डबा, भिंग आणि अर्धं सोडवलेलं शब्दकोडं. छताच्या कोपऱ्यात ओलीचा पिवळा डाग. खिडकीबाहेर खोड इतकं जवळ की हात बाहेर काढला तर साल सोलता येईल.

"हे माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी लावलं. वाटलं होतं, आधी मी जाईन."

परवानगीचा कागद त्यांनी आणून ठेवला होता. मी बुंध्यावर लाकडी हातोडा मारून बघितला. आवाज भरीव आला. वर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर खोडाला एक जाड गाठ दिसत होती. कधीकाळी मोठी फांदी तुटलेली आणि त्यावर साल चढलेली. वर जाऊन ठोकून बघायला पाहिजे, असं मनात आलं. ते वहिनीमार्फत दादाला कळवलं. दादाने वर जाऊन ठोकलं, आणि आवाज ठीक आहे असं बाईंमार्फत मला कळवलं. इथवर सगळं रीतसर झालं होतं.

पहिला दिवस फांद्यांचा. दादा वर, मी खाली, आणि बाई दिवसभर आमच्या मध्ये. "ते म्हणतायत दोर सैल सोडा." "हे म्हणतायत तुळशीच्या कुंडीवर येईल, जरा डावीकडे." दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला. दादा पाणी प्यायला नळावर गेला तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही भाऊ ना?"

"हो."

"सख्खे?"

"सख्खे आहोत म्हणून तर."

"किती दिवस झाले?"

"सहा वर्षं."

बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. वर्गात उशिरा आलेल्या पोराला न्याहाळत असतील तसं. "माझ्या वर्गात दोघं भांडले की मी त्यांना एका बाकावर बसवायची आणि दोघांत एकच पेन्सिल द्यायची. अर्ध्या तासात बोलायला लागायचे."

"आम्हाला एकच दोर दिलाय बाई," मी म्हणालो. "काही उपयोग झाला नाही."

त्या हसल्या नाहीत. मला वाटतं, तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी खोड राहिलं होतं. शेंड्याकडून तुकडे पाडत खाली यायचं. बाईंच्या कुंड्या झाकायला मी बुंध्याभोवती निळी ताडपत्री पसरली. आदल्या दिवशीच्या फांद्यांचा ढीग कुंपणाशी होता, तो दुपारी गाडीत भरू म्हणून तसाच ठेवला. बाई प्लास्टिकची खुर्ची आणि शब्दकोडं घेऊन बाहेर आल्या आणि दोघांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज मी तुमची पोस्टमन नाही. माझा घसा गेलाय. काय सांगायचं ते एकमेकांना सांगा."

दादा खोडात रुतवून चढायचे लोखंडी काटे पायांना बांधत होता. त्याला हसू आलं. "बाई, तो नाही बोलायचा. बापाची शपथ घातलीय त्याने." हे तो बाईंना म्हणाला, पण बघत होता माझ्याकडे. त्याच्या नजरेत चिडवणं होतं, आणि आणखीही काहीतरी होतं. मी दोराची गाठ तपासायच्या निमित्ताने मान खाली घातली.

दादा चढला. गाठीच्या वर दोन हातांवर थांबला, पट्टा खोडाभोवती आवळला. त्याचा दोर खोडालाच एका कडीतून अडकवून खाली माझ्या हातात आलेला. आता शेंड्याचा मोठा तुकडा पाडायचा होता. पडताना तो खोडाला हिसका देतो, त्यामुळे खाली उरलेलं खोड भक्कम लागतं. माणूस त्यालाच बांधलेला असतो.

करवत सुरू झाली. पहिल्यांदा भुसा गुलाबीसर आला, निलगिरीचा येतो तसा, वास मारणारा. ताडपत्रीवर पसरायला लागला. मग त्याचा रंग गडद झाला. मी पुढे होऊन चिमूट उचलली. ओला होता. बोटांत चोळला तर चहाच्या चोथ्यासारखा लागला.

लाकूड गाठीच्या वरच काळं होतं, म्हणजे गाठीत काय असेल ते सांगायला नको. वरून ठोकून कळलं नव्हतं, कारण बाहेरची साल आणि चार बोटं लाकूड चांगलं होतं. करवत हातात असणाऱ्याला मऊ लागतं असं लोक म्हणतात. यंत्राच्या करवतीला मऊ काय आणि कठीण काय. त्यात वारा भुसा त्याच्या पलीकडच्या अंगाला नेत होता. हे फक्त मला दिसत होतं, आणि एवढ्याचसाठी मी तिथे उभा होतो.

मी दोर तीनदा ओढला.

दादाने करवत बंद केली. चष्मा कपाळावर सरकवला, एका कानावरचं झाकण उचललं आणि खाली बघितलं.

मी बाईंकडे वळलो आणि हलक्या आवाजात म्हणालो, "वर सांगा, भुसा काळा." हलक्या आवाजात मुद्दाम. माझा शब्द थेट त्याच्या कानावर जाऊ नये, एवढी काळजी मी तेव्हाही घेतली.

बाईंनी कोड्यातून डोकं वर काढलं नाही. "मी सकाळीच सांगितलं. तोंड दिलंय ना तुम्हाला?"

"बाई, कामाचं आहे."

"मग तर तुम्हीच सांगा."

त्यांच्या लेखी भुसा म्हणजे कचरा. त्यांना वाटलं असेल, ताडपत्री खराब होतेय की काय. त्यांनी एका चांगल्या हेतूने तोंड मिटलं होतं. मी कोणत्या हेतूने मिटलं ते सांगतो.

मी वर बघितलं. तोंड उघडलं होतं, खोटं सांगत नाही. आणि नेमकं तेव्हा मला ते जेवण आठवलं. खाली उभा राहून वर बघतो. मी खाली उभा राहून वरच बघत होतो. मनात आलं, विचारू दे की त्याला. एकदा "काय रे" म्हणू दे. दोर मी ओढलाय, माझं काम मी केलंय, आता पाळी त्याची. सहा वर्षांचा पहिला शब्द त्याच्या तोंडून येऊ दे.

दादाही बोलला नाही. पण तो थांबला. हे मला नीट सांगायचंय, कारण त्या दिवसाबद्दल हेच सांगण्यासारखं आहे. तो बराच वेळ थांबला. एरवी दोर ओढला की त्याचे डोळे गिऱ्हाइकाकडे जायचे, कारण निरोप तिकडून यायचा. त्या दिवशी तो बाईंकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. एक हात झाकणावर, मान वाकवलेली. शब्द ऐकायला थांबलेला माणूस असाच दिसतो. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो आणि मनात म्हणत राहिलो, तू आधी.

शेवटी त्याने खांदे उडवले. झाकण कानावर बसवलं, चष्मा खाली घेतला.

दोर पुन्हा ओढायला पाहिजे होता. मी नुसता आवळून धरला. करवत सुरू झाली तेव्हा मात्र मी दोर ओढला, तीनदा नाही, दहादा ओढला असेल. पण तोवर शेंडा कलला होता. तो सुटला, खोडाला हिसका बसला, आणि खोड दादाच्या पायांखाली, बरोबर त्या गाठीत, मोडलं. मोडताना आवाजही फारसा झाला नाही. आत होतंच काय आवाज व्हायला.

मी "दादा" म्हणून ओरडलो. सहा वर्षांनी माझ्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. तेव्हा तो खोडाला बांधलेल्या अवस्थेत खाली येत होता, आणि त्याच्या दोन्ही कानांवर झाकणं होती.

कालच्या फांद्यांच्या ढिगावर पडला म्हणून जीव वाचला. खोड त्याच्या बाजूला पडलं, अंगावर पडलं असतं तर विषयच संपला होता. मी पट्टा कापला. त्याचे डोळे उघडे होते. त्याला हलवू नका, असं बाई सारखं म्हणत होत्या, शाळेत शिकवतात तशा ठाम आवाजात.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात तीन खुर्च्या होत्या. एकीवर वहिनी, एकीवर बाई, एकीवर मी. डॉक्टर येऊन सांगून गेले की जीवाला धोका नाही, पण पाठीचा कणा गेलाय. कमरेखाली काही हलणार नाही. पुढे हलेल का असं वहिनीने विचारलं, तर ते म्हणाले, आशा ठेवू नका.

ते गेल्यावर बाईंनी वहिनीचा हात धरला. "माझ्यामुळे झालं हे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मला सांगितलं होतं वर निरोप द्यायला. मी दिला नाही. मला वाटलं, त्या निमित्ताने दोघं बोलतील."

काय निरोप होता ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना तो महत्त्वाचा वाटलाच नव्हता, लक्षात राहिला नसावा. वहिनीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता बाई. उंचावरचं काम आहे, कधीतरी होणारच होतं."

आणि मी गप्प बसलो. म्हातारी बाई माझं पाप आपल्या डोक्यावर घेत होती, आणि मी समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत बसलो. हात धुवा असं लिहिलं होतं तिच्यावर. गप्प बसायची मला चांगली सवय झाली होती. लाज वाटत होती, पण लाजेने काही तोंड उघडत नाही.

तिसऱ्या दिवशी दादाला बोलता यायला लागलं. आम्हाला आत सोडलं. सहा खाटांची खोली, त्याची खाट खिडकीकडची. तो सपाट पडला होता, मान दोन्ही बाजूंनी अडकवलेली, बघायचं तर फक्त डोळे वळवायचे. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. मनाशी ठरवून गेलो होतो. बापाचं नाव गेलं खड्ड्यात.

"दादा, माझं चुकलं," मी म्हणालो.

त्याने डोळे माझ्याकडे वळवले, मग वहिनीकडे नेले.

"त्याला विचार," तो म्हणाला, "दोर ओढला तेव्हा काय सांगायचं होतं."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर नेहमीचा वैताग होता. इतकं होऊनही ह्यांचं तेच चाललंय, असा. "भाऊजी," ती म्हणाली, "हे विचारतायत, काय सांगायचं होतं."

मला वाटलं होतं, तो शिव्या देईल. मला वाटलं होतं, तो तोंड फिरवेल, पण ते त्याला जमणार नव्हतं. हा प्रश्न मी धरला नव्हता. तीन दिवस तो पाठ मोडून पडला होता आणि हे एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

"भुसा काळा," मी म्हणालो.

वहिनीचं लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती. पहिली काही वर्षं, वडील थकल्यावर, मी आजारी पडलो की दोराशी तीच उभी राहायची. त्या दोन शब्दांचा अर्थ तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचा वैताग गेला, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. निरोप पोचवायला ती दादाकडे वळली नाही. हातातला पाण्याचा पेला तिने कपाटावर ठेवला आणि ती खोलीबाहेर गेली.

दादा आणि मी राहिलो. आमच्या मध्ये कोणी नव्हतं. त्याने डोळे परत माझ्याकडे वळवले.

"एवढंच होतं?" तो म्हणाला.

मला.

"एवढंच," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले. झोपला नव्हता, पापण्या हलत होत्या.

तिथून मी तडक बाईंच्या घरी गेलो. अंगणात मोडकं खोड उभं होतं, ताडपत्री तशीच पडलेली. मी त्यांना सगळं सांगितलं. काळ्या भुशाचा अर्थ सांगितला, दादा किती वेळ थांबला ते सांगितलं, आणि ओरडायला मला कोणाची गरज नव्हती हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग भिंग हातात घेऊन उगाच पुसत बसल्या.

"मी हाक मारली असती तर ते उतरले असते?"

"हो."

"मग वाटा माझाही आहे," त्या म्हणाल्या. "मला मोकळं करायला आलात, बरं केलंत. पण तेवढं काही व्हायचं नाही." उरलेलं खोड नंतर दुसऱ्यांनी येऊन काढलं, क्रेन लावून. पुढे बाई मुलीकडे राहायला गेल्या.

ह्याला दीड वर्ष झालं. धंदा मी बंद केला. एका रोपवाटिकेत कामाला जातो, कुंड्या भरतो. तिथल्या झाडांवर कोणाला चढावं लागत नाही. दादाची खाट पुढच्या खोलीत आहे. तो माझ्याशी बोलतो. खिडकी लाव म्हणतो, उशी वर घे म्हणतो, आज पाय दुखतायत असं वाटतंय म्हणतो, आणि मग आपणच हसतो. त्या दिवसाबद्दल त्याने पुन्हा एक अक्षर काढलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यालाही ते माहीत असावं.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. तिने शपथ घेतलेली नाही, अंगणात उभी राहून काही म्हणाली नाही. रुग्णालयातून घरी आल्यापासून बोलत नाही, एवढंच. माझं ताट वाढते, माझे कपडे धुते, पण माझ्यासाठी तिच्या तोंडात शब्द नाही. आम्ही दादाच्या खाटेशी बसून जेवतो, तिघंच. मी म्हणतो, "दादा, वहिनींना सांग, औषधं आणून ठेवलीत." वहिनी हातभर अंतरावर त्याला भात वाढत असते. तिला ऐकू गेलेलं असतं. तरी दादा घास गिळतो, डोळे तिच्याकडे वळवतो आणि सावकाश परत बोलतो. तो बोलला नाही, तर तिने ऐकलं नाही असं धरायचं असतं.